उचलली जीभ, लावली टाळ्याला : ‘ओल्डबॉय’ समजून घेताना

‘ओल्डबॉय’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा संपल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. सोबतच्या मित्रानं विचारलं, “म्हणजे शेवटी तो सगळं विसरतो की त्याला आठवत असतं?” मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी एकट्यानं पुन्हा पाहिला आणि मग हळूहळू धागे हाती लागले. चित्रपट अवघड वाटतो तो त्याच्या क्रमामुळे. जे सगळ्यात आधी घडलं ते आपल्याला जवळजवळ शेवटी कळतं, आणि तोवर आपण नायकाबरोबर चुकीच्या वाटेनं बरंच अंतर चालून गेलेलो असतो.

पुढे मी सगळं उघड करून सांगणार आहे, शेवटासकट. पाहिला नसेल तर आधी पाहून या. हा धक्का एकदाच बसतो आणि तो माझ्या लेखात वाया जावा असं मला मनापासून वाटत नाही. चित्रपटात रक्तपात भरपूर आहे आणि रक्ताच्या नात्यातल्या संबंधांचा विषय आहे, त्यामुळे घरात मुलं असताना लावू नका.

आधी थोडी माहिती. २००३ साली आलेला हा दक्षिण कोरियन चित्रपट पार्क चान-वूक यांनी दिग्दर्शित केला. मूळ कल्पना एका जपानी चित्रकथेतली, गारोन त्सुचिया यांनी लिहिलेली आणि नोबुआकी मिनेगिशी यांनी चितारलेली. पण त्या चित्रकथेतला सुडाचा हेतू अगदी वेगळा आहे, चित्रपटातलं भयंकर रहस्य पार्क आणि त्यांच्या सहलेखकांचं. २००४ साली कान महोत्सवात क्वेंटिन टॅरेंटिनो ज्युरींचे अध्यक्ष होते, तेव्हा याला ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. ओ दे-सू या नायकाची भूमिका चोई मिन-सिक यांनी केली, ली वू-जिनची यू जी-ते यांनी आणि मी-दो या तरुणीची कांग हे-जंग यांनी.

नावापासूनच सुरुवात करू. ‘ओल्ड बॉय’ म्हणजे म्हातारा मुलगा असा अर्थ लावत बसलं की हाती काही लागत नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्याला इंग्रजी वळणाच्या शाळांमधून ‘ओल्ड बॉय’ म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या ‘ओल्ड बॉईज असोसिएशन’ असतात तसं. म्हणजे रहस्याची जागा पाटीवरच लिहिलेली आहे : शाळा. दे-सूला डिवचणारा अनोळखी माणूस इंटरनेटवर ‘एव्हरग्रीन’ या नावानं वावरतो, आणि दे-सूच्या शाळेचं नाव सांगनोक. कोरियन भाषेत सांगनोक म्हणजे सदाहरित. कोरियन प्रेक्षकाला हा दुवा चटकन जाणवू शकतो, आपल्याला तो भाषांतरात हरवतो.

आता पडद्यावरचा क्रम बाजूला ठेवून सगळी हकिगत सरळ सांगतो.

१९७९. सांगनोक शाळेत सू-आ नावाची मुलगी आणि तिचा भाऊ वू-जिन शिकतात. ओ दे-सू त्याच शाळेत, उनाड, टवाळ. एके दिवशी तो एका रिकाम्या वर्गाच्या फुटक्या काचेतून आत डोकावतो आणि त्याला ते भाऊबहीण दिसतात, भावाबहिणीत कधी असू नये अशा जवळिकीत. दे-सूच्या मनात कुणाचं वाईट करायचं काहीच नाही. तो लवकरच शाळा सोडून सोलला जाणार आहे, आणि जाता जाता जू-ह्वान या जिगरी दोस्ताला तो पाहिलेलं सांगून टाकतो. आपल्याकडे म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढंच. दे-सू गाव सोडून जातो आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ पुसली जाते.

गावात मात्र ती वाढत राहते. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिला पाय फुटतात. सू-आचं कुणाकुणाशी आहे इथपासून ती गरोदर आहे इथपर्यंत. आणि मग जे होतं ते मला या चित्रपटातलं सगळ्यात करुण वाटतं : त्या मुलीचा स्वतःचाच त्या अफवेवर विश्वास बसतो. तिची पाळी थांबते, पोट दिसू लागतं. पोटात मूल नसताना शरीर गरोदरपणाची लक्षणं दाखवू लागतं, वैद्यकशास्त्राला हा प्रकार माहीत आहे. पुढे वू-जिन एका वाक्यात हिशेब मांडतो : माझ्या बहिणीला गरोदर केलं ते ओ दे-सूच्या जिभेनं.

शेवटी सू-आ धरणावरच्या पुलावरून उडी घेते. वू-जिननं तिचा हात धरलेला असतो. खाली लोंबकळत ती त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यानं स्वतःचा एक फोटो काढते, मला विसरू नकोस, मला पश्चात्ताप नाही असं सांगते, आणि हात सुटतो. हा प्रसंग आपल्याला अगदी शेवटाकडे दिसतो, लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या वू-जिनच्या आठवणीत. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९८८. दे-सू आता संसारी माणूस आहे, बायको आहे, लहान मुलगी आहे. मुलीच्या वाढदिवशी दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून तो पोलीस ठाण्यात बसलाय. तोच जुना मित्र जू-ह्वान त्याला सोडवून नेतो. पावसात, सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्याशी, दे-सू नाहीसा होतो. डोळे उघडतो तेव्हा तो एका खोलीत असतो. पलंग, टीव्ही, भिंतीवर एक चित्र, दाराच्या खालच्या फटीतून रोज येणारे तळलेले मांडू, म्हणजे कोरियन पद्धतीचे मोमो. थोड्या दिवसांनी टीव्हीवर त्याला कळतं की त्याच्या बायकोचा खून झालाय आणि पोलीस त्यालाच शोधताहेत. वू-जिन आता अफाट पैसेवाला झालाय, आणि पैसे मोजले की कुणालाही कोंडून ठेवणाऱ्या एका खासगी तुरुंगात त्यानं दे-सूला ठेवलंय. इमारतीच्या सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये असलेला हा तुरुंग, साडेसातवा मजला.

पंधरा वर्षं. बाहेर जग बदलतंय हे दे-सूला फक्त टीव्हीवरून दिसतं : डायनाचा मृत्यू, दोन्ही कोरियांच्या नेत्यांची भेट, न्यूयॉर्कमधले कोसळणारे मनोरे, २००२ चा फुटबॉल विश्वचषक. १९८८ हे सोल ऑलिंपिकचं वर्ष, त्याच्या आदल्या वर्षी लोकांनी रस्त्यावर उतरून लष्करी वळणाची राजवट नमवलेली. कोरियानं जगापुढे नवा चेहरा आणला नेमक्या त्याच काळात हा माणूस भिंतींशी बोलत बसलाय. मला हा योगायोग वाटत नाही. पुढे पळणारा देश आणि मागचं काहीच न आठवणारा माणूस यांना पार्क यांनी एकाच चौकटीत बसवलंय.

खोलीत दे-सू दोन कामं करतो. एक, सापडलेल्या जादा चॉपस्टिकनं भिंत कोरतो. दोन, आपण आयुष्यात कुणाकुणाला दुखावलं त्याची यादी लिहितो. वह्यांमागून वह्या भरतात. त्यात सू-आचं नाव नाही.

यानंतरचा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांचा धागा तुटतो. खोलीत अधूनमधून गुंगी आणणारा वायू सोडतात. दे-सू बेशुद्ध झाला की आत येऊन त्याचे केस कापतात, कपडे बदलतात, आणि एक संमोहनतज्ज्ञ बाई येऊन त्याच्या मनात काही सूचना रुजवते : अमुक सूर ऐकलास की असं कर, तमुक घडलं की तसं वाग. दुसरीकडे वू-जिन दे-सूच्या मुलीवर लांबून नजर ठेवून आहे. ती मोठी होते. तिलाही संमोहित करून सूचना पेरल्या जातात. तिचं आताचं नाव मी-दो.

२००३ साली दे-सूला सोडून देतात. अंगावर नवे कपडे. वाटेत एक भिकाऱ्यासारखा माणूस येऊन त्याच्या हाती पैसे आणि मोबाईल ठेवतो. दे-सू सुशीच्या दुकानात शिरतो, तिथं मी-दो काम करते. फोन वाजतो, पलीकडचा आवाज डिवचतो. दे-सू जिवंत ऑक्टोपस मागवून दातांनी फाडून खातो आणि मी-दोनं हात धरताच कोसळतो. ती त्याला घरी नेते. बघताना वाटतं, पटकथा फार घाई करतेय, अनोळखी माणसाला कोण घरी नेतं? मलाही वाटलं होतं. पण ती घाई पटकथेची नाही, वू-जिनची आहे. दोघंही पेरलेल्या सूचनांप्रमाणे वागताहेत. ज्या प्रसंगाला आपण लेखकाचा कच्चेपणा समजतो तोच कटाचा कणा निघतो. (त्या ऑक्टोपसविषयी एक गोष्ट : चित्रीकरणाला चार ऑक्टोपस लागले आणि बौद्ध असलेल्या चोई मिन-सिक यांनी प्रत्येकाची आधी क्षमा मागितली.)

पुढे दे-सू मांडूच्या चवीवरून तुरुंग हुडकतो. गावभर फिरून, दुकानामागून दुकानात मांडू खात, पंधरा वर्षं जिभेवर बसलेली नेमकी चव सापडेपर्यंत. इथेही जीभच. ती चव त्याला साडेसातव्या मजल्यावर नेते आणि तिथे त्याच्या हाती एक ध्वनिफीत लागते. कोंडणाऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज कारण सांगतोय : ओ दे-सू फार बोलतो. उत्तर आपल्याला चित्रपटाच्या पूर्वार्धातच मिळालं. दे-सूला आणि आपल्याला ते कारण इतकं फुटकळ वाटतं की आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

बाहेर पडताना ती प्रसिद्ध मारामारी येते. लांबलचक बोळ, हातात हातोडी, समोर माणसांची भिंत, कॅमेरा बाजूनं सरकतोय. तीन दिवसांत सतरा वेळा चित्रित करून हा प्रसंग न तोडता एका सलग फितीत मिळवला. त्यावर खूप लिहिलं गेलंय, मी फक्त एवढंच सांगेन की त्यात दे-सू किती दमतो ते बघा. तो जिंकतो तेव्हा नीट उभाही राहू शकत नाही. आणि हा विजयसुद्धा वू-जिनच्या डावातलीच एक पायरी आहे.

मग वू-जिन स्वतः समोर येतो आणि खेळाचे नियम सांगतो. पाच दिवसांत कारण शोधून काढ. शोधलंस तर मी जीव देतो, नाही तर मी-दोचा जीव जाईल. त्याच्या छातीत हृदयाला चालवणारं यंत्र आहे, हातात रिमोट आहे, बटण दाबलं की माझं हृदय बंद पडेल असं तो म्हणतो. या धावपळीत दे-सू आणि मी-दो एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि एका रात्री एकत्र येतात. दे-सूची मुलगी स्वीडनमधल्या कुटुंबाला दत्तक गेली असल्याची माहिती तोवर त्यांना मिळालेली असते, त्यामुळे मी-दोकडे त्या नजरेनं बघायचं त्याच्या ध्यानीमनीही येत नाही.

शोध शाळेपाशी पोचतो. दे-सू जू-ह्वानला फोन करून सू-आविषयी विचारतो, आणि जू-ह्वान सहज म्हणून जातो की ती चवचाल होती. चोवीस वर्षं झाली. मुलगी मरून चोवीस वर्षं झाली आणि या माणसाच्या तोंडी तीच अफवा तशीच ताजी. वू-जिन शेजारीच बसून ऐकत असतो, तो तिथल्या तिथे जू-ह्वानला मारतो. पहिल्यांदा बघताना हा खून अचानक वाटतो. आता वाटणार नाही.

मग येतो माझा सर्वांत आवडता प्रसंग. दे-सू जुन्या शाळेत जातो आणि आठवणीत शिरतो. तरुण दे-सू जिन्यावरून वर पळतोय आणि आजचा, विस्कटलेल्या केसांचा दे-सू त्याच्या मागे धावतोय. जिने, वळणं, पुन्हा जिने, स्वतःचाच पाठलाग. तो त्या फुटक्या काचेशी पोचतो आणि पोरानं पाहिलेलं आता पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो. काहीही न समजावता, नुसत्या पळण्यातून, विसरलेली गोष्ट आठवणं म्हणजे काय ते दिसतं.

दे-सू उत्तर घेऊन वू-जिनच्या उंच इमारतीतल्या घरी जातो. त्याला वाटतं खेळ संपला. आणि इथे वू-जिन अख्ख्या चित्रपटाची किल्ली देतो. तो म्हणतो, तू चुकीचा प्रश्न विचारत राहिलास, मग बरोबर उत्तर कसं सापडेल? ‘वू-जिननं मला का कोंडलं’ हा प्रश्न नव्हता. ‘वू-जिननं मला का सोडलं’ हा होता.

हे वाक्य मनात धरून मागे पाहा. पंधरा वर्षांची कोठडी ही शिक्षा नव्हतीच, ती नुसती वाट पाहणं होतं. मुलगी मोठी होईपर्यंतची वाट. सूड सुरू झाला तो सुटकेच्या दिवशी. वू-जिनला दे-सूला मारायचं नव्हतं, त्याला स्वतःच्या जागी आणून उभं करायचं होतं. वू-जिननं जे केलं आणि ज्याची अफवा झाली, तेच दे-सूच्या हातून घडावं, तेही नकळत, आणि मग त्याला ते कळावं. एका पेटीत फोटोंचा अल्बम आहे. दे-सू पानं उलटतो. पहिल्या पानावर बायको आणि लहानग्या मुलीसोबतचा त्याचा फोटो, मग ती मुलगी जरा मोठी, मग शाळेतली, मग अजून मोठी, आणि शेवटी मी-दो. कुणी काही बोलत नाही, फक्त पानं उलटतात. बाप म्हणून जे बघायचं राहून गेलं ते सगळं बालपण त्याला पाऊण मिनिटात बघायला मिळतं, आणि त्या शेवटच्या पानाशी त्याचं जग संपतं.

त्यानंतर दे-सू जे करतो ते बघवत नाही. तशीच दुसरी पेटी मी-दोसमोर ठेवलेली आहे. ती उघडू नये म्हणून तो वू-जिनचे पाय धरतो, कुत्र्यासारखा भुंकतो, त्याचे बूट चाटतो. आणि शेवटी कात्रीनं स्वतःची जीभ कापून टाकतो. ग्रीक राजा ओयदिपौसची गोष्ट इथे आठवतेच. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीसचं ते नाटक मराठीत आणलं होतं, त्यामुळे आपल्यालाही ती परकी नाही. अपराध्याचा शोध घेणारा राजा, जो शोधाअंती स्वतःच सापडतो आणि नको ते नातं जुळून गेल्याचं कळल्यावर आपले डोळे फोडून घेतो. ओ दे-सू हे नाव ओयदिपौसच्या जवळचं वाटतं ते उगाच नाही. त्या राजानं डोळे फोडले, कारण डोळे असून त्याला दिसलं नव्हतं. दे-सूचा अपराध जिभेचा, म्हणून तो जीभ देतो.

वू-जिन फोन करून पेटी बंदच ठेवायला सांगतो. मी-दोला काही कळत नाही, चित्रपट संपेपर्यंत कळत नाही. जाताना तो रिमोट खाली टाकतो. दे-सू धडपडत बटण दाबतो, आता तरी हा मरेल म्हणून. हृदय बंद पडत नाही, खोलीभर एक ध्वनिमुद्रण वाजू लागतं : त्या रात्रीचे दे-सू आणि मी-दोचे आवाज. ज्याला सुडाचं हत्यार समजून त्यानं उचललं त्यातून त्याचंच पाप ऐकू येतं. जाण्याआधी वू-जिन म्हणतो, माझं आणि माझ्या बहिणीचं सगळं ठाऊक असून एकमेकांवर प्रेम होतं, तुमचं राहील का?

आणि मग तो लिफ्टमध्ये स्वतःवर गोळी झाडतो. का? जिंकला होता ना? इथे तो पुलावरचा प्रसंग उपयोगी पडतो. गोळी झाडण्याआधी त्याचा हात पुढे आलेला असतो, न दिसणाऱ्या बहिणीचा हात धरल्यासारखा. माझं म्हणणं असं की वू-जिनला दे-सूच्या अपराधाची गरज होती. बहीण अफवेनं मेली हे खरं, पण अफवेच्या मुळाशी त्यानं स्वतः केलेलं काहीतरी होतं आणि शेवटी हात त्याच्याच मुठीतून सुटला. चोवीस वर्षं सगळा दोष दुसऱ्या माणसावर ठेवता आला, म्हणून तो जगू शकला. सूड पुरा झाला त्या क्षणी दोष ठेवायला कुणी उरलं नाही. मग तो हात परत आला.

त्याच्या तोंडी एक वाक्य आहे : वाळूचा कण असो की मोठा धोंडा, पाण्यात दोन्ही सारखेच बुडतात. एका पोरकट वाक्याला पंधरा वर्षं कोठडी आणि त्यावर हे सगळं, ही शिक्षा अपराधाच्या मानानं राक्षसी आहे, आणि चित्रपट वू-जिनला कुठेही बरोबर ठरवत नाही. पण दे-सूनं विचारलेल्या ‘मला आठवलं का नाही’ या प्रश्नाला तो जे उत्तर देतो ते मला टोचत राहतं. दे-सूला वाटतं, संमोहनानं स्मृती पुसली असेल. वू-जिन सांगतो, नाही, तू साधा विसरलास. का? कारण ते दुसऱ्याचं होतं.

संमोहनानं हे सगळं खरंच करवता येतं का, असं अनेकजण विचारतात. नाही. असं लांबवरचं, दोन माणसांना प्रेमात पाडणारं संमोहन शास्त्रात बसत नाही. ते शापासारखं धरावं. ओयदिपौसच्या कथेत देववाणी आहे, इथे देवाच्या जागी पैसेवाला माणूस आणि त्याची पगारी संमोहनतज्ज्ञ. त्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला की बाकी सगळं काटेकोर जुळतं.

राहिला शेवट. बर्फाळ रान. दे-सूनं त्याच संमोहनतज्ज्ञ बाईला पत्र लिहून विनवलंय, मला हे विसरायला लाव. बोलता येत नाही, म्हणून पत्र. पत्रातल्या एका ओळीनं तिचं मन वळतं : मी पशूहून हीन असलो तरी मला जगायचा हक्क नाही का? ही ओळ दे-सूची नाही. सुटकेच्या दिवशी गच्चीवर भेटलेल्या, हातात कुत्रं घेऊन जीव द्यायला निघालेल्या माणसाची आहे. दे-सूनं त्याला टायला धरून थांबवलं, आपली सगळी कहाणी ऐकवली, आणि त्यानं आपली सांगायला तोंड उघडताच पाठ फिरवून निघून गेला. मागे तो माणूस खाली गाडीवर कोसळला. पंधरा वर्षं कोंडूनही दे-सू तसाच राहिला होता : बोलणारा, न ऐकणारा. ती न ऐकलेली माणसं किती आत जाऊन बसली होती ते या पत्रात कळतं.

बाई त्याला सांगते, तुझे दोन भाग होतील. एकाला रहस्य माहीत नाही, तो ओ दे-सू. दुसऱ्याला माहीत आहे, तो राक्षस. राक्षस पाठ फिरवून चालू लागेल, प्रत्येक पावलाला एक वर्षानं म्हातारा होईल आणि सत्तर वर्षांचा झाला की मरेल. नंतर मी-दो येते, त्याला मिठी मारते, प्रेम आहे म्हणते. त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, पसरतं आणि मग पिळवटून वेदनेसारखं दिसू लागतं. तिथेच पडदा पडतो.

विसरला की नाही? दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि पार्क यांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय. माझं उत्तर : विसरला नाही. कारण तो चेहरा आपण आधी पाहिलाय. कोठडीच्या भिंतीवरचं ते चित्र बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सोर यांचं, हसतोय की रडतोय ते कळू नये असा रक्ताळलेला चेहरा, आणि खाली कवयित्री एला व्हीलर विल्कॉक्स यांच्या ओळी : हसलात तर जग तुमच्याबरोबर हसेल, रडलात तर एकट्यानंच रडाल. पंधरा वर्षं आरशासारखं त्याच्यासमोर असलेलं ते चित्र शेवटी त्याच्या तोंडावर उमटतं. तो मी-दोसाठी हसतो आणि रडणं एकट्यापाशी ठेवतो. दे-सू गप्प राहायला शिकला तो इथे.

ज्यांनी २००६ सालचा ‘जिंदा’ हा हिंदी चित्रपट पाहिला असेल त्यांनी हाच तो समजू नये. प्रसंग खूपसे तेच आहेत, पण बाप-लेकीचं रहस्य त्यात नाही, म्हणजे प्राणच नाही. आणि पार्क यांच्या सूडपटांच्या त्रयीतला हा मधला चित्रपट, २००२ आणि २००५ सालचे इतर दोन स्वतंत्र कथांचे आहेत, त्यांचा कथानकाशी संबंध नाही. क्रमानं पाहायची गरज नाही.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पोलीस ठाण्यातला सुरुवातीचा प्रसंग पळवू नका. तिथे दे-सू एक क्षण गप्प बसत नाही. बडबडतो, गातो, भांडतो, मुलीसाठी आणलेले देवदूताचे पंख लावून मिरवतो. मग पावसातलं ते टेलिफोनचं खोकं. दे-सू मुलीशी बोलतो आणि फोन जू-ह्वानच्या हाती देतो. ज्या दोघांनी १९७९ साली ती गोष्ट एकमेकांत वाटून घेतली, तेच दोघं तिथे उभे आहेत. आणि फोनच्या त्या टोकाला, वाढदिवसाला बाबा कधी येणार म्हणून वाट पाहणारी जी लहानगी आहे, ती मी-दो.